रत्ना वाचायची, आमी वळायचो

मागल्या महिन्यात माज्या नातीनं मला एका कार्यक्रमाला न्हेलं. नात शाळंत बाई हाय. म्हनली, आजी, पुस्तकाचा कार्यक्रम हाय, तू ऐकलेलंच पुस्तक हाय, चल. खुर्च्या मऊ हुत्या, पंखं हुतं, म्हनून गेले.

पुस्तक म्हंजे त्या पोरीची डायरी. ती न्हाय का, ज्यू धर्माची पोरगी, लांब परमुलखात, लढाईच्या दिसांत आईबापासंगं दोन वरसं माडीवर लपून बसलेली, आन लपल्या जागी रोजचं रोज लिव्हत गेलेली. तीच. स्टेजवर तिचा फोटू ठिवला हुता, फोटूला हार. चार वक्ते हुते. पयला म्हनला, ह्या पुस्तकातनं आपन आशा घ्याची. दुसरा म्हनला, धैर्य घ्याचं. तिसऱ्या बाई हुत्या, त्या म्हनल्या, मुलींनो, रोज डायरी लिवा, मन मोकळं हुतंय. चवथा पावना उशिरा आला, शाल घेतली, नारळ घेतला, "वेळेअभावी" म्हनला आन बसला. चौघांत त्यो एकटाच खरं बोलला म्हना. दारापाशी टेबलावर पुस्तकांचा ढीग हुता विकाया. कार्यक्रम सुटला तवा ढीग हुता तेवडाच. आशा घेतली, धैर्य घेतलं, पुस्तक कुनी घेतलं न्हाय.

मंग नातीनं मला पुढं ढकललं. म्हनली, माज्या आजीनं हे पुस्तक तीस वरसांमागं ऐकलंय. माईकवाल्या बाईंनी माईक माज्या तोंडाला लावला. "आजी, तुम्ही या पुस्तकातून काय घेतलंत?"

मी म्हनलं, "घेनार काय? हात मोकळं नव्हतं. आमी बिड्या वळत हुतो."

लोक हासले, टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवल्या की पुढचं ऐकाया लागत न्हाय, ही चांगली सोय हाय शेरात.

पुढचं रत्नाचं हुतं. ते हितं सांगते.

आमी मूळचं मंद्रूपकडचं. मेंढरं हुती. दोन वरसं पानी आलं न्हाय, मेंढरं गेली, आमी सोलापुरात आलो. त्येचं काय रडायचं, समदेच आलते. मालक हमालीला लागला, मी बिडीला. आमच्या बोळात तेलुगू इनकरांची घरं लई. कोपऱ्यावर नरसव्वाचं घर, त्येला लांब वट्टा, वट्ट्यावर पत्रा. नरसव्वाची आन आमची भिंत एकच. सकाळच्यानं तितं आमी नऊ बाया मांडीवर सूप घिऊन बसायचो. कारखान्यातनं पान आन तमाखू आनायची, पान भिजवायचं, कातरीनं कापायचं, तमाखू घालून वळायचं, दोऱ्यानं बांधायचं. दिसाला हजार. हजार भरली न्हाय तर दुसऱ्या दिशी कारखाना पान कमी देनार, मंग बिड्या आनखी कमी, मंग पान आनखी कमी. आसं करत करत बाईला घरी बशिवायची, ही त्येंची रीत.

ह्या नऊ बायांत रत्ना सातवी पास. आमच्यात सातवी म्हंजे कलेक्टर.

दिसाया उंच, वाळकी, दोरीवर वाळत घातलेल्या लुगड्यागत. चष्म्याची एक काडी तुटलेली, तितं बिडीचाच दोरा बांधून कानात आडकवलेला. नवरा भिवंडीला मागावर गेला त्यो तिकडंच दुसरीसंगं ऱ्हायला. कुनी हळहळलं की रत्ना म्हनायची, "बरं झालं गेला. घोरायचा लई." मंग हळहळनारी गप बसायची. हळहळाया बी समोरच्यानं जरा हात द्यावा लागतोय की.

बिडी मातुर तिला कवा जमली न्हाय. तिची बिडी म्हंजे सात म्हैन्याची बाई, मदी फुगलेली. कारखान्याच्या खिडकीतला चेकर तिच्या बिड्या चिमटीत धरायचा आन शेजारच्याला दावायचा, "ह्या बाईची बिडी वड, दम लागंल तुला." निम्म्या छाट म्हनून फेकायचा. मंग नरसव्वानंच तोड काडली. म्हनली, रत्ना, तू वळू नगं, तू वाच. आमी आठ जनी वरच्यावर मूठमूठ बिड्या तुज्या सुपात टाकतो, तुजी हजार भरती. आमाला बी तोंडाला तोंड लावून भांडन्यापरास बरं.

झालं. तवापासनं रत्ना वाचायची, आमी वळायचो.

वाचायच्या आदी ती तीनदा हात धुवायची. पोथीला बी कुनी येवडं धुत न्हाय. आन वाचायची कशी, तर जात्यावर दळन दळल्यागत, एकाच आवाजात. रडायचं ठिकान आलं तरी त्योच आवाज, हासायचं आलं तरी त्योच. आमी म्हनायचो, "आगं जरा सोंग करून वाच की!" तर म्हनायची, "सोंग बगायचं तर शिनेमाला जावा. जेवडं लिव्हलंय तेवडं वाचते." मदीच कुनी इचारलं, मंग त्येचं काय झालं, ह्यो आसं का वागला, तर तिचं एकच ठरल्यालं, "पुस्तकात न्हाय."

पुस्तकं आनायची नव्या पेठंतल्या एका वाचनालयातनं. वर्गनी भरायची ऐपत नव्हती. तितला म्हातारा बायंडिंग सुटलेली, कोपरं कुरतडलेली पुस्तकं तिला द्याचा. "फाटलेली चालतील का बाई?" आसं इचारायचा. रत्ना म्हनायची, "आमी तरी कुटं शिवलेल्या हावो?"

तिच्या दळनाच्या आवाजानं एकदा कारखान्याचा मॅनेजर बी दळला. त्यो वट्ट्यावर कागुद घिऊन आला, म्हनला, बायांनो, आंगठं करा, काय न्हाय, आपली नेहमीची कारवाई. शाईची डबी बी उगडली. रत्ना म्हनली, "थांबा, वाचते." मॅनेजर म्हनला, "मी सांगतो की थोडक्यात." ती म्हनली, "थोडक्यात लिव्हलंय का?" आन उठून हात धुवून आली. तीनदा. त्यो तवर उन्हात उभा. मंग तिनं वरच्या नावापासनं खालच्या छापखान्याच्या पत्त्यापर्यंत समदं वाचलं. मदी कुटंतरी बारीक अक्षरात हुतं की बाई आपल्या खुशीनं घरी बसून बिडी वळती, आन तिला खोकला झाला तर त्येचा कारखान्याशी संबंद न्हाय. तितं आली तवाच आमच्यातल्या हमीदाबीला खोकला लागला. खरा लागला का मुद्दाम, ते अल्लाला ठाव. पन येवडा लागला, येवडा लागला, की मॅनेजर डबी मिटून गेला. जाताना रत्नाला म्हनला, "तुमी लई वाचता." ती म्हनली, "जेवडं लिव्हलंय तेवडंच."

ह्ये अशासाटी सांगते, की तिनं कमी वाचलं, पान खाल्लं, आसं कवा हुनार न्हाय ही आमची खात्री हुती. देवापरास जास्त.

त्या वरसी संक्रांत झाल्यावर तिनं ती डायरी आनली. पाट सुटलेली, दोऱ्यानं बांधलेली. पयल्या दिशी ज्यू म्हनल्यावर कुनीतरी इचारलं, "ही कंची जात?" रत्ना म्हनली, "धर्म हाय त्यो." "मंग लपायचं काय कारन?" रत्ना म्हनली, "सरकारला नगं हुते." हमीदाबीनं मान बी वर केली न्हाय, पान कापत कापत म्हनली, "नको थे तो नको थे. उसमें क्या पूछना." तेवड्यावर ज्यूंचा इशय समजला. मागल्या महिन्यात सभागृहात ह्येलाच पाऊन तास लागला.

दोन म्हैनं चाललं ते पुस्तक. त्यातलं काय काय आमाला लई पटलं. माडीवर आठ मानसं, खाली काम करनारी लोकं, म्हनून दिसभर पाय वाजवायचा न्हाय, खोकायचं न्हाय, संडासात पानी सोडायचं न्हाय. ह्ये आलं तवा आमी एकमेकीकडं बगितलं. आमच्या बोळाला तवा पंधरा घरांत दोन संडास. दिसभर धरून ठिवायचं ह्ये आमाला कुनी शिकवाया नगं हुतं. मी म्हनलं, "ह्येला लढाई कशाला लागती?" बटाटं सडकं आलं, त्यावरनं भांडनं झाली, ह्ये बी कळलं. आठ मानसं एका जागी कोंडल्यावर भांडायची न्हाय तर काय भजन करायची? शेरातली शिकलेली मानसं म्हनत्यात, बगा किती धीरानं ऱ्हायली. मी म्हनते, त्या समद्यांला खाली बसून भाजी-पाला पोचवनारी मानसं कोन, त्येंचा फोटू कुटं हाय? त्येंला हार कुटं हाय?

पन खरा तंटा लागायचा त्यो आईवरनं. ती पोरगी आईबद्दल लई कडू लिव्हायची. आई समजून घेत न्हाय, आई टोचून बोलती, बाप चांगला, आई नगं. हे आलं की नरसव्वा सूप आपटायची.

"ह्या पिल्लाला काय झालंय?" म्हनायची. तेलुगूत पोरीला पिल्ला म्हनत्यात. "आय कोंडलेल्या घरात आट जनांचं रांधती, धुनं धुती, ते कोन लिव्हनार?"

रत्ना म्हनायची, "पुस्तकात न्हाय."

"न्हायच आसनार! लिव्हनारी पोरगीच की. आयला लिव्हाया येळ कुटाय?"

आमी समद्या आईच्या पार्टीत. पोरीच्या पार्टीत एकटीच, पद्मा. पद्मा म्हंजे नरसव्वाची थोरली, चौदा वरसांची. शाळंतनं आली की दप्तर न काडता वट्ट्याच्या कडंला टेकून ऐकायची. तिच्या तोंडाकडं बगून कळायचं, कंची ओळ कुटं लागली. नरसव्वा म्हनायची, "तू आत जा, भात टाक." पद्मा आत जायची, पन भात काय लवकर शिजायचा न्हाय. दारामागनं पुस्तक ऐकनारा भात कसा शिजतोय?

मंग एक दिवस पुस्तक संपलं. रत्नानं दोरा गुंडाळला. म्हनली, "संपलं."

"संपलं म्हंजे?" आमी म्हनलं. "सुटली का न्हाय पोरगी?"

"तिनं हितवरच लिव्हलंय."

"मंग पुढं?"

"पुस्तकात न्हाय."

आमी ते मानलं. मानलं म्हंजे पुढचं आमीच भरलं. एकजन म्हनली, लढाई संपली आसंल, उतरली आसंल खाली. दुसरी म्हनली, येवडं लिव्हती म्हनल्यावर पेपरात चिकटली आसंल. नरसव्वा म्हनली, "लगीन झालं आसंल. लेकरू झालं आसंल. आता लेकरू उलटं बोलत आसंल, मंग कळली आसंल आय काय आसती ती." समद्या लई हासलो. रत्ना खाली बगून चष्मा पुसत बसली. मला वाटलं, डोळ्यात तमाखू गेली.

आता बगा, पुस्तकातनं काय घ्याचं ते ज्येनं त्येनं घेतलंच हुतं. पद्मानं घेतली वही. शंभर पानी, वर फुलाचं चित्र. चादरीच्या घडीत लपवून लिव्हाया लागली. ती सभागृहातली बाई म्हनती तसंच, मन मोकळं कराया. आन नरसव्वानं काय घेतलं? नरसव्वानं येवडंच घेतलं की पोरी वही लपवून लिव्हत्यात ते आईबद्दल लिव्हत्यात.

म्हनून आठ दिसांनी तिला ती वही सापडली तवा तिचं डोकं फिरलं. तिला मराठी वाचता येत नव्हतं. दुपारची येळ, पद्मा शाळंत. नरसव्वा आतनं आली ती तरातरा, वही रत्नाच्या सुपात टाकली.

"वाच."

रत्नानं बगितलं. "कुनाची हाय?"

"पद्माची. चादरीत हुती. वाच."

"हितं?"

"हितंच. त्या पिल्लाचं समद्यांनी ऐकलं, माज्या पिल्लाचं बी ऐकू दे. मी काय केलंय तिचं, कळू दे लोकास्नी."

हमीदाबी म्हनली, "घर की बात घर में रख, नरसव्वा."

"माजं घर हाय, माजा वट्टा हाय. रत्ना, वाच."

वट्ट्यावर वाचलं म्हंजे बोळात गेलं. बोळात गेलं म्हंजे सांजंच्याला मागाच्या कारखान्यात पद्माच्या बापाच्या कानात गेलं. बाप आदीच म्हनत हुता, शाळा बास झाली, तेलंगणात आत्याच्या घरी स्थळ हाय, उन्हाळ्यात उरकू. त्या वहीत कुना पोराचं नाव निगालं, न्हायतर नुसतं 'मला लगीन नगं' आसं जरी निगालं, तरी पद्माची शाळा त्या दिशीच संपली आसती. ह्ये नरसव्वाला सुदरत नव्हतं. आमाला सुदरत हुतं. पन खरं सांगते, माजं बी कान टवकारलं. दुसऱ्याच्या घरातलं फुकट ऐकाया मिळतंय म्हनल्यावर नगं कोन म्हनतंय? बाकीच्या सात जनींत एकीनं बी म्हनलं न्हाय की वाचू नगं. हमीदाबी तेवडी एक बोलली आन गप झाली.

रत्नानं वहीला हात लावला न्हाय. म्हनली, "मी न्हाय वाचत."

"का?"

"पोरीला इचार. तिनं दिली तर वाचते."

नरसव्वा हासली. म्हनली, "दोन म्हैनं दुसऱ्याची लेक वाचतीस. तवा इचारलंस व्हय तिला? ती बी लपवूनच लिव्हत हुती की. परक्याच्या पोरीचं चालतंय, आमच्याच पोरीचं काय सोनं लागलंय?"

रत्नानं चष्मा काडला, परत घातला. आन मंग त्याच दळनाच्या आवाजात म्हनली, "ती मेली, नरसव्वा. म्हनून वाचतो आपन."

"कोन मेली?"

"ती पोरगी. समद्यांला धरून न्हेलं. छावनीत घातलं. मेली. पंधरा वरसांची हुती."

आमी आठवड्याखालीच तिचं लगीन लावलं हुतं. तिला लेकरू दिलं हुतं.

नरसव्वानं इचारलं, "आन आय?"

"आय आदी मेली. पोरींना, हिला आन हिच्या थोरल्या भनीला, तिच्यापासनं काडून दुसरीकडं न्हेलं. मागं ऱ्हायली ती. म्हनत्यात, आपल्या वाट्याची भाकर खायची न्हाय, पोरींसाटी ठिवायची. पोरी तितं नव्हत्याच."

"कुटं लिव्हलंय ह्ये?"

"शेवटच्या पानांवर. दुसऱ्या कुनी लिव्हलंय. ती पानं मी काडून ठिवली."

मॅनेजरम्होरं छापखान्याचा पत्ता बी न सोडनारी रत्ना. तिनं पानं काडून ठिवली हुती.

नरसव्वाचं तोंड आसं झालं हुतं की कुनीतरी भर बाजारात पदर वडलाय. "आमी हितं बसून हासतोय," ती म्हनली, "मी तिच्या आयची वकिली करतीया, तिच्या लेकराचं बारसं करतीया, आन तुला ठाव हुतं? समोर बसून तुला ठाव हुतं?"

"तुमी लई हासत हुता," रत्ना म्हनली. "कसं वाचनार?"

"ऊठ. माज्या वट्ट्यावरनं ऊठ."

आता बगा गंमत. वही वाचली न्हाय म्हनून न्हाय हाकललं. पुस्तक पुरं वाचलं न्हाय म्हनून हाकललं. एका दिवसात दोन्हीकडनं चुकलेली बाई मी तेवडी एकच बगितली.

रत्ना उठली. एका हातात सूप घेतलं. दुसऱ्या हातानं पद्माची वही उचलली, पदराखाली घेतली, आन पायऱ्या उतरली.

"चोर! माज्या घरातली वही नेती! बगा गं, चोर!" नरसव्वा वट्ट्याच्या कडंपर्यंत आली. रत्नानं चाल वाढवली न्हाय का कमी केली न्हाय. बोळातनं सरळ गेली, मोठ्या रस्त्याला लागली. शाळा लांब, उन्हाचं अर्धा-पाऊन तास चालायचं. तितं फाटकाबाहेर सूप काखेत धरून घंटा होईस्तवर उभी ऱ्हायली आन वही पद्माच्या हातात दिली. ह्ये मला पद्मानंच मागनं सांगितलं. म्हनली, मावशी कायबी बोलली न्हाय, वही दिली आन म्हनली, आज घरी जरा उशिरा जा.

पोरीनं ती वही कुटं ठिवली, कुनाला ठाव न्हाय. घरी आली ती रिकाम्या हातानं आली.

दोन दिस मायलेकी बोलल्या न्हाईत. तिसऱ्या दिशी भिंतीपलीकडनं मला पद्माचा आवाज आला. "अम्मा, मी काय लिव्हलंय ते वाचून दाखवू का?" मंग नरसव्वा म्हनली, "नगं. भात वाड."

आता नगं म्हनाया काय गेलं? हेच तीन दिस आदी म्हनली आसती तर एका बाईची जागा ऱ्हायली आसती. पन शानपनाची एस्टी आमच्याकडं कायम उशिराच येती.

पद्माची शाळा सुटली न्हाय. बापानं इशय काडला की नरसव्वाच म्हनायची, दहावी हू दे. का म्हनायची ते तिनं कवा सांगितलं न्हाय, मी इचारलं न्हाय.

रत्नाला मातुर कुनी परत बोलवलं न्हाय. नरसव्वाचा राग गेला हुता, पन बोलवायचं म्हंजे पयलं कुनीतरी तोंड उगडायचं, आन ते काम समद्या दुसरीवर सोपवून मोकळ्या. वट्ट्यावर टेपरेकॉर्डर आला. बोलतोय लई, इचारलेलं कायबी ऐकत न्हाय, पन हासाया लावतोय. रत्ना आपल्या खोलीच्या दारात एकटी बसून वळायची. फुगलेल्या बिड्या. कारखान्यानं पान कमी केलं, मंग आनखी कमी केलं. मी पान्याला जाताना तिच्या दारावरनं जायचे. म्हनायचे, "बरं हाय का?" ती म्हनायची, "बरं हाय." माज्या सुपात तवा हजाराच्या वर शंभर-दोनशे निगायच्या. एक मूठ तिच्या सुपात टाकली आसती तर माजा हात झडनार नव्हता. टाकली न्हाय. नरसव्वानं बगितलं तर वट्ट्यावरची सावली जाईल, हे भ्या. सावलीसाटी मानूस काय काय करतंय. सभागृहात ह्ये सांगाया पायजे हुतं, पन माईक काडून घेतला हुता.

वरसाच्या आत रत्ना मोहोळला भावाकडं गेली. जाताना वाचनालयातली समदी फाटकी पुस्तकं परत देऊन गेली. त्या डायरीत काडलेली पानं परत घालून, दोऱ्यानं नीट शिवून दिली, आसं तितला म्हातारा सांगत हुता.

मंग दहा-बारा वरसांनी मी भाचीच्या लग्नाला मोहोळला गेलते. परतीला दुपारी स्टँडवर बसले, तर रत्ना. भाकरीचं टोपलं घिऊन आली हुती, तितल्या खानावळीत भाकरी करून द्याची. केस पांढरं, हात पोळलेलं. मला बगून आनंद झाला का राग आला, तिच्या तोंडावर कवा दिसलंय? बाजूला बसली.

"पद्मा?" म्हनली.

"दहावी झाली. अंगनवाडीत हाय. दोन लेकरं. नवरा बरा हाय, घोरत आसंल तर ठाव न्हाय."

"नरसव्वा?"

"गेली की. दोन वरसं झाली. खोकल्यानं."

रत्नानं मान हालवली. आमी येनाऱ्या-जानाऱ्या गाड्या बगत बसलो. माफी मागावी आसं माज्या मनात हुतं. मागाया गेले आन तोंडातनं निगालं भलतंच. म्हनलं, "रत्ना, खरं सांग. शाळा काय जवळ न्हाय. वाटनं ती वही उगडलीसच आसशील."

"वाऱ्यानं उगडली," ती म्हनली. "एकच पान. मला वाचाया येतंय, त्येला मी काय करू."

मी तिच्याकडं सरकले. "काय हुतं? आईबद्दल हुतं? आता सांगाया काय, नरसव्वा बी न्हाय ऱ्हायली."

रत्नानं चष्म्यातनं माज्याकडं बगितलं. "वही तुजी हुती का?"

"न्हाय."

"मंग गप की."

सोलापूरची गाडी लागली. तिनं माजी पिशवी उचलून आत दिली, मला दंडाला धरून पायरीवर चडवलं. मी खिडकीपाशी जागा धरली. ती खाली उभी. गाडी काय हालंना, डायवर पान खात हुता. मी खिडकीतनं वाकून म्हनलं, "आगं नुसतं येवडं तरी सांग, चांगलं हुतं का वाईट?"

रत्नानं टोपलं काखेत मारलं आन मोकळ्या हातानं गाडीच्या पत्र्यावर दोन जोरात थापा मारल्या. डायवरला वाटलं कंडक्टरनंच मारल्या. त्येनं गाडी काडली.